फिनबार कोटर समुद्रावर जातो

फिनबार कोटर दर रविवारी आपली मोटरबोट घेऊन समुद्रावर जातो, ही गोष्ट अख्ख्या जगात एकाच बाईला ठाऊक होती, आणि ती बाई बोस्टनला राहत होती. आम्हा रॉसनाकिलाच्या लोकांना ती ठाऊक नव्हती, कारण आम्ही त्याला दर रविवारी बघत होतो. फिनबारचं बंदरासमोर चष्म्यांचं दुकान. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. पाण्याशी त्याचा संबंध चहापुरता.

बोस्टनची बाई म्हणजे फिनबारच्या बायकोची, डिम्पनाची, थोरली बहीण अट्रॅक्टा. अट्रॅक्टाच्या नवऱ्याची तिकडे बोट होती. फोनवर ख्यालीखुशालीचे दोन शब्द झाले की बोट सुरू व्हायची. एका नाताळात डिम्पनाच्या तोंडून निघून गेलं, "आमचा फिनबारही जातो हो समुद्रावर." झालं. पुढच्या वर्षी त्या समुद्राला बोट फुटली. त्याच्या पुढच्या वर्षी बोटीला केबिन आलं, मग पांढरा-निळा रंग आला. फिनबारला स्वतःची बोट आहे हे फिनबारला कळलं तेव्हा ती चांगली जुनी झाली होती.

आणि या जुलैत अट्रॅक्टा आली. विमानतळावरच तिने जाहीर केलं, "मला बाई काही नको. ना खाणं, ना खरेदी. फिनबारच्या बोटीतून किनारा बघायचा, पार दीपगृहापर्यंत. त्याचा फोटो काढून आमच्या ह्यांना पाठवायचा. बस्स!"

त्या दिवशी भांडी विसळताना डिम्पना नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणापासून ती पुढे आणि मी मागे, फिनबार. शाळेत, नाचात, सगळ्यात. एवढी एकच गोष्ट माझी तिच्याइतकी मोठी आहे. आणि तीही खोटी."

फिनबारला तिचा राग यायला हवा होता. पण ती बशी पुसून पुसून झिजवायला लागली होती, आणि फिनबारला बायकोचं तोंड तसं झालेलं बघवत नसे. तो म्हणाला, "शनिवारी नेतो तिला." म्हणून तर गेला, पण बोट कशाने पुढे जाते हेही त्याला ठाऊक नव्हतं.

गुपित ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे सकाळी पाव आणायला गेलेल्या डिम्पनाने ते फक्त बेकरीवालीला सांगितलं. दुपारपर्यंत गावातला प्रत्येकजण दुकानात येऊन चष्म्याच्या काड्या घट्ट करून घेत होता आणि जाता जाता सल्ला देत होता. खाटिकाने आल्याची बिस्किटं सुचवली, आणि ती उलटी होण्याआधी खायची की नंतर यावर त्याचा बायकोशी दुकानातच वाद झाला. पाद्रीबाबांनी तीर्थाची बाटली पाठवली, सोबत निरोप, की नुसतं शिंपडा, पिऊ नका.

पण सल्ल्याचा खरा मक्ता शेजारच्या बॅटी हार्नेडीकडे. बॅटीने जन्मभर धक्क्याच्या भिंतीवर बसून समुद्राचा अभ्यास केला. त्यात उतरला मात्र कधी नाही.

"हे बघ फिनबार," बॅटी म्हणाला, "बोटीत शीळ घालायची नाही. डुकराचं नाव काढायचं नाही. निघताना बोट आधी सूर्य फिरतो त्या अंगाने गोल फिरवायची. आणि वाटेत लाल केसांची बाई आडवी आली तर सरळ घरी परत यायचं."

"अट्रॅक्टाचे केस लाल आहेत."

"मग तू तिला आधी बोटीत बसव. म्हणजे ती आडवी येणार नाही, सोबत येईल."

हे ऐकायला बरं वाटलं, पण बोट कुठे होती? ती गसीकडे निघाली. गसी गावच्या होड्यांच्या शर्यतीत पंचांना बसायला आपली मोटरबोट देत असे. केबिनसकट, पांढरी-निळी, जशी काही डिम्पनाने फोनवर बसून रंगवलेली. गेल्या शर्यतीच्या रंगीबेरंगी पताका अजून तिच्यावर फडफडत होत्या. गसीने शिकवणी दिली: "ह्या दांड्याने पुढे, ह्याने मागे, आणि ह्या तिसऱ्याला जन्मात हात लावायचा नाही." घरी पोचेपर्यंत फिनबारला तिन्ही दांडे लख्ख आठवत होते. तिसरा कुठला, एवढंच आठवत नव्हतं.

राहिली बंदर कचेरी. तिथे कन्सेप्टा लूसी बसायची. फिनबारचं जुनं गिऱ्हाईक, स्वभावाने प्रेमळ, पण खुर्चीत बसली की कायदा.

"बोट चालवता येते असा दाखला लागेल, मिस्टर कोटर."

"तो कसा मिळतो?"

"बोट चालवून दाखवायची."

"मग बोट नेऊ?"

"दाखल्याशिवाय? छे!"

फिनबार तिथे इतका वेळ उभा राहिला की कन्सेप्टाने त्याला खुर्ची दिली, मग बिस्किट दिलं, मग डिम्पनाची चौकशी केली. फिनबारने सगळं सांगितलं. कन्सेप्टाने उसासा टाकला. "शनिवारी सकाळी मी चहा टाकायला उठेन," ती म्हणाली, "आणि चहा टाकताना मला खिडकीबाहेरचं काही दिसत नाही." खात्री पटावी म्हणून तिने फिनबारनेच करून दिलेला चष्मा काढून टेबलाच्या खणात ठेवला. सरकारी माणूस याहून जास्त काय करणार!

शनिवारी ऊन असं पडलं होतं की आमच्याकडे लोक एकमेकांना त्याबद्दल संशयाने विचारतात. सगळं गाव योगायोगाने धक्क्यावर फिरायला आलेलं. अट्रॅक्टा मोठा काळा गॉगल, पांढरी पँट आणि गळ्यात रेशमी रुमाल अशी अवतरली. "बाई गं! पताका कशाला लावल्या? माझ्यासाठी?"

"मग काय तर," फिनबार म्हणाला, आणि त्याने दांडा ओढला. बोट मागे गेली. धक्क्यावरून टाळ्या पडल्या.

"पाणी चाचपून बघतोय," तो म्हणाला.

"आमचे हे कधी नाही बघत," अट्रॅक्टा कौतुकाने म्हणाली. डिम्पनाची नखं फिनबारच्या दंडात रुतली होती.

मग बोट पुढे गेली आणि लगेच गोल फिरायला लागली. बंदराच्या मधोमध एक, दोन, तीन फेऱ्या झाल्या. चाक सरळ करायचं असतं हे फिनबारला तिसऱ्या फेरीत सुचलं. भिंतीवर बॅटीने सगळ्यांना समाधानाने सांगितलं, "मीच सांगितलं होतं त्याला. सूर्याच्या अंगाने!"

आणि मग, काय सांगावं, मजा आली हो! आमचा किनारा आहेच तसा. हिरवे कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यांच्या कडेवर मेंढ्या, खाली खडकांवर सील ऊन खात पडलेले. ते फिनबारकडे असे बघत होते की जणू त्यांचाही चष्मा करायचा राहिलाय. अट्रॅक्टा लहानपणी शाळेत शिकलेली गाणी मोठमोठ्याने म्हणू लागली, डिम्पना तिला दुसरा सूर देऊ लागली. दोघी बहिणी हसत हसत एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. फिनबारने एका हाताने चाक धरून दुसरा हात कमरेवर ठेवला. आपल्याला हे जमतंय, असं त्याला वाटलं. दीपगृह अगदी समोर दिसू लागलं.

आणि दिसेनासं झालं. धुकं. उन्हाळी धुकं आमच्याकडे न विचारता येतं आणि सांगितल्याशिवाय जात नाही. बोटीचं टोक गेलं, पताका गेल्या, शेवटी फिनबारच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या आणि उरलंसुरलं जगही गेलं. जन्मभर लोकांना दृष्टी देणारा माणूस आंधळा होऊन समुद्रात उभा होता. आणि डिम्पना त्याच्याकडे बघत होती, की आता हा खरं बोलून टाकणार.

तेवढ्यात धुक्यातून बोटी निघाल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी, एका रांगेत, संथ. फिनबारच्या जिवात जीव आला. "शर्यत!" तो ओरडला. "शर्यतीच्या बोटी आहेत!" आणि त्यांना वाट माहीत असणारच या हिशेबाने त्याने आपली बोट शेवटच्या बोटीच्या मागे लावली.

अट्रॅक्टाने रुमाल हलवला. तिला भोंगा सापडला, तो तिने दोनदा वाजवला. "काय शिस्त आहे गं! कोणी कोणाला मागे टाकतच नाही. आमच्याकडच्या शर्यतीत नुसती ढकलाढकली."

पुढच्या बोटीतल्या माणसाने मागे वळून बघितलं आणि गंभीरपणे हात वर केला. डिम्पना नवऱ्याच्या कानाशी आली. "फिनबार, शर्यतीत काळे टाय घालतात का रे?"

धुकं विरळ झालं. पुढे इनिशडुव बेट होतं, बेटाचा छोटा धक्का होता, धक्क्यावर काळ्या कपड्यांतली माणसं होती. आणि सगळ्यांत पुढच्या बोटीत फुलांखाली शवपेटी होती.

आता दुसरीकडचा कोणी असता तर गुपचूप वळून गेला असता. पण आमच्याकडे लग्नाला आमंत्रण लागतं, मयताच्या मागे एकदा लागलात की लागलात. कबरीवर माती पडून, घरच्यांचे हात हातात घेऊन, चहा पिऊन झाल्याशिवाय सुटका नाही. मधून निघून गेलात तर तीन पिढ्या तुमचं नाव निघतं. फिनबार वळू शकत नव्हता, आणि त्याची बोट पताकांनी नटलेली होती.

"काढ त्या! आधी त्या काढ!" फिनबार ओरडला, शक्य तितक्या हळू आवाजात. डिम्पनाने झडप घालून पताकांचा दोर ओढला, पुन्हा ओढला, आणि तो भला मोठा गोळा मागच्या बाजूने खाली दाबला. दोराचं टोक पाण्यात गेलं. ते इंजिनाच्या पंख्याने पकडलं आणि बाकीचं आवडीने गिळलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि गप्प झालं. एक लाट उडून अट्रॅक्टाला नखशिखांत भिजवून गेली.

त्या शांततेत बोट आपल्या पूर्वीच्या जोरावर घरंगळत गेली, आणि धक्क्याला जाऊन टेकली. इतकी अलगद, की फिनबारने आणखी शंभर वर्षं प्रयत्न केला असता तरी जमलं नसतं.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. डोनी नावाचा एक दांडगा माणूस पुढे आला. तो मयताच्या बायकोचा भाऊ. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढ्या बोटी आल्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पण मेलेल्या माणसाला मान देऊन लांबूनच इंजिन बंद करायचं सुचलं ते ह्या एका माणसाला. आणि आधी भोंग्याची सलामी!"

अट्रॅक्टाने गॉगल काढून फिनबारकडे बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच बोस्टन नव्हतं.

कबरस्तानातून घरात, घरात हातांची रांग. "वाईट झालं हो." "फार वाईट झालं." विधवेचं नाव नोरीन. तिने फिनबारचा हात सोडलाच नाही. "कोनीला कुठून ओळखत होता तुम्ही?"

फिनबारने कोनीला जिवंतपणी पाहिलं नव्हतं, आणि मेल्यावर फक्त पेटी पाहिली होती. माणूस संकटात धंद्याचंच बोलतो. तो म्हणाला, "त्यांना... त्यांना लांबचं फार छान दिसायचं."

नोरीनला हुंदका आला. "कसं बोललात! टेकडीवर उभा राहून बांगडा माशांचा थवा कुठे आहे ते सांगायचा माझा कोनी. ह्या माणसाने ओळखलं होतं गं त्याला!" मग तिने भिजलेल्या अट्रॅक्टाला आपला काळा कोट घातला, आणि तिघांना हॅमची सँडविचं आणि काळाकुट्ट चहा घेऊन कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्च्यांवर बसवलं. चहावरच कळलं, की गेल्या हिवाळ्यात बेटावरच्या दुसऱ्या घराण्यातल्या म्हाताऱ्याच्या मयताला बारा बोटी होत्या. कोनीच्या मागेही बाराच होत्या. फिनबारची धरून तेरा. त्या आकड्याने घरभर जे समाधान पसरलं होतं ते दुःखातही लपत नव्हतं.

सगळं छान चाललं होतं, फक्त बोट मेली होती. पंख्यात पताका अशा आवळल्या होत्या की बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय त्या सुटणार नव्हत्या. म्हणजे दुसऱ्याने ओढत न्यायची. दोर बांधून, सगळ्या गावासमोर, अट्रॅक्टाच्या देखत! ज्या माणसाची बोट ओढून आणतात त्याला आमच्याकडे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. फिनबार धक्क्यावर मान खाली घालून उभा राहिला. शेवटी डिम्पनाच गेली डोनीकडे आणि तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नाताळचा फोन, बोट, केबिन, रंग, सगळं.

डोनीने ऐकून घेतलं. "माझी एक बहीण न्यूयॉर्कला असते," तो म्हणाला. "मला कळतं." मग तो आवाज चढवून म्हणाला, "जो आमच्या मयताला आला त्याला आम्ही दारापर्यंत पोचवतो! सगळे निघा रे!"

तेराच्या तेरा बोटी निघाल्या. डोनीची सर्वांत पुढे, तिच्या मागे फिनबारची. दोघींच्या मधला दोर डोनीने पाण्याखाली बुडेल असा सैल सोडला होता. डिम्पनाने अट्रॅक्टाला पाठमोरं बसवलं. "इथे बस. मागच्या बोटी इथून सुंदर दिसतात." आणि फिनबार चाकापाशी उभा राहिला. ते चाक आता कशालाच काही सांगत नव्हतं. तरी तो ते कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कपाळाला आठ्या घालून फिरवत राहिला.

"एवढे सगळे कशाला येतायत गं?" अट्रॅक्टाने विचारलं.

"फिनबारला पोचवायला," डिम्पना म्हणाली. बहिणीशी ती किती वर्षांनी खरं बोलत होती!

बंदर दिसू लागलं तेव्हाच एका लाटेने फिनबारच्या नाकावरचा चष्मा खाली पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि चाकाखाली चाचपडू लागला.

आता धक्क्यावरून काय दिसलं ते बघा. सकाळी गेलेली बोट, पताका नाहीत. ओढून आणलेली, कारण दोर अट्रॅक्टाला दिसत नसला तरी बॅटीला दिसत होता. पुढेमागे बेटाच्या बोटी, प्रत्येकीच्या काठीला काळी फीत. वर दोन बायका, त्यांतली एक काळ्या कोटात. आणि फिनबार नाही.

कोणीतरी "देवा!" म्हणालं. माणसांनी टोप्या काढल्या. चर्चची घंटा वाजायला लागली. कन्सेप्टा लूसी कचेरीतून धावत आली आणि खांब धरून रडू लागली. "मी चष्मा काढला नसता तर! अहो, मी चष्मा काढायला नको होता!"

आणि बॅटी हार्नेडी भिंतीवर चढून उभा राहिला. त्याला माहीत होतं की बोटीत अट्रॅक्टा आहे. तिला काय सांगितलेलं आहे हेही माहीत होतं. मेलेल्या शेजाऱ्याची अब्रू आता आपल्या हातात आहे, हे त्याने ओळखलं आणि छाती भरून घेतली.

"गेला!" बॅटी गरजला. "ह्या किनाऱ्यावर असा दर्यावर्दी झाला नाही! दर रविवारी बोट काढायचा! वारा असो, पाऊस असो. मी ह्या डोळ्यांनी बघायचो! समुद्र त्याला नावाने ओळखायचा! मला, मला स्वतःला जे काही कळतं ते त्यानेच शिकवलं..." इथे त्याने खरोखरच डोळे पुसले. गर्दीतून "खरंय, खरंय" असे आवाज आले. खाटीक तर हुंदके देत होता.

चष्मा सापडला. फिनबार तो पुसून, डोळ्यांवर चढवून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडे बघितलं.

घंटा तेवढी वाजत राहिली. बॅटीचं तोंड उघडं होतं. तो फिनबारकडे बघत होता, मग दोराकडे, मग डिम्पनाकडे. डिम्पना त्याच्याकडे कशी बघत होती ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बॅटीने टोपी डोक्यावर घातली.

"...आणि बघा," तो म्हणाला, "आला की नाही सुखरूप!"

असा जल्लोष रॉसनाकिलात आजवर झाला नव्हता. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कन्सेप्टा "मेल्या, जिवंत आहेस!" असं ओरडत होती. अट्रॅक्टा भांबावून बहिणीकडे वळली.

"हे सगळे रडत का होते?"

"दर वेळी असंच करतात," डिम्पना म्हणाली. "तो परत आला की."

बोट धक्क्याला बांधली गेली, पुढून आणि मागून. दोर बांधताना बॅटी वाकून फिनबारच्या कानात पुटपुटला, "इतकं चांगलं भाषण वाया घालवलंस, लेका. आता तू खरंच मेलास की मी काय बोलू?" अट्रॅक्टा काळ्या कोटात पायऱ्या चढून वर गेली आणि तिथे उभी राहून तिने बोस्टनला फोन लावला. "तेरा बोटी!" ती सांगत होती. "पोचवायला! आणि गाव रडत होतं, गाव! तुम्ही परत आल्यावर आजवर कोणी रडलंय? ... मी? मी कशाला रडू?"

फिनबार उतरायला निघाला. डिम्पनाने त्याचा हात धरला. तिचे गाल ओले होते. "तू खाली वाकला होतास ना, तेव्हा ते सगळे टोप्या काढायला लागले. तुझ्या जागी कोणीच नव्हतं, फिनबार. तू पायाशी आहेस हे ठाऊक असून मी घाबरले. मला नको ती बोट. काही नको मला." तिने नाक पुसलं. "चल, तिला खरं सांगून टाकते."

फिनबारने वर बघितलं. बॅटी, कन्सेप्टा, खाटीक, डोनी आणि बेटाची सगळी माणसं, एकजात सगळे अट्रॅक्टाभोवती जमून तिला त्याच्या पराक्रमांच्या गोष्टी सांगत होते. एकेकाचे हात वादळाएवढे पसरले होते.

"एवढ्या लोकांना खोटं पाडायचं?" तो म्हणाला.

डिम्पनाला हसू फुटलं. मग एकदम तिने त्याला मागे ढकललं. "थांब, उतरू नकोस. ती फोटो काढतेय!"

फिनबार परत जाऊन उभा राहिला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आणि दोन्हीकडून बांधलेल्या बोटीचं चाक हलकेच उजवीकडे फिरवलं.